इम्पल्सला एक्सपल्सचे पाय: दुसऱ्या गाडीचे पार्ट बसवायला निघालेल्या नवख्यांसाठी

हिरोची इम्पल्स ही मोटारसायकल २०११ मध्ये आली. ब्राझीलमधल्या होंडा एनएक्सआर १५० ब्रॉसवर बेतलेली ही गाडी आपल्याकडे फारशी खपली नाही आणि बीएस-४ चे प्रदूषणाचे नियम आले त्या सुमारास बंदही झाली. तरी मुंबईत ती अजून टिकून आहे. १३४ किलो वजन, लांब शॉकअप आणि सेकंडहँड बाजारात खिशाला झेपेल अशी किंमत, अशी दुसरी गाडी पटकन सापडत नाही. मग २०१९ मध्ये हिरोचीच एक्सपल्स २०० आली. पुढे २१ इंची, मागे १८ इंची चाक, मोठी डिस्क, मागेही डिस्क. तेव्हापासून इम्पल्सवाल्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळतोय: तिचे पाय हिला बसतील का?

बसवता येतात, पण उचलले आणि लावले असं होत नाही. दुसऱ्या गाडीचा पार्ट एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. शॉकअप घेतले की त्यांना धरणारी टी घ्यावी लागते, टी आली की तिचं बेअरिंग. चाक घेतलं की डिस्क, डिस्कबरोबर तिला दाबून धरणारा कॅलिपर, कॅलिपरसाठी ब्रेकचं तेल ढकलणारा हँडलवरचा मास्टर सिलिंडर. हे वऱ्हाड किती जणांचं आहे ते पैसे देण्याआधी मोजायचं. हा लेख मुख्यतः त्या मोजणीबद्दल आहे. पाना फिरवायला कुठलाही बरा मेकॅनिक मिळतो. मोजून देणारा मात्र मिळत नाही.

कायद्याचं आधीच सांगतो

शेवटी सांगितलं तर कुणी वाचत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेली माहिती कंपनीने ठरवलेल्या मूळ माहितीपासून वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी फेरफारच शोधते, हे वेगळंच.

म्हणून दोनपैकी एक काहीतरी ठरवा. गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल तर ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली यांपैकी ज्या आरटीओत तिची नोंद आहे तिथे आधी लेखी विचारा आणि उत्तर हातात आल्यावर काम काढा. चाकाचा आकार बदलणं हाही बदलच आहे, फक्त इंजिन नव्हे. गाडी निव्वळ मातीत खेळायला हवी असेल तर ती खासगी जागेतच चालवायची आणि तिथवर छोट्या हत्तीवर टाकून न्यायची. आरेच्या जंगलात किंवा किनाऱ्यावरच्या वाळूत "जरा बघतो" म्हणत शिरणं यात बसत नाही.

करिझ्माचं २२३ सीसी इंजिन इम्पल्समध्ये बसवण्याची कल्पना बरीच जुनी आहे आणि तसं करणारे लोकही आहेत. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन नंबर आरसीवर असतो, सीसी बदलते, आणि वाढलेल्या ताकदीला मूळचा ब्रेक आणि मूळचा चिमटा (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा) पुरतील की नाही हा प्रश्न नंतर डोकं वर काढतो. मातीत गाडी अडते ती बहुतेक वेळा शॉकअप, टायर किंवा गिअरिंगमुळे. तिथे पैसा घाला.

आधी तुमची गाडी मूळची कशी होती ते अनुभवा

आज जी इम्पल्स हाती येईल ती किमान आठ-दहा वर्षं मुंबईचा पाऊस आणि खारी हवा खाऊन आलेली असेल. तिचं हँडल हलतं, मागचं चाक वळणावर शेपटी हलवतं, पुढून ब्रेक मारला की टक असा आवाज येतो. हे सगळं डिझाइनच्या माथी मारून लोक एक्सपल्सचे शॉकअप शोधायला निघतात, आणि दोष असतो चाळीस रुपयांच्या बुशात.

पुढचं चाक उचलून धरा, शॉकअपची खालची टोकं दोन्ही हातांनी पकडा आणि पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, सैल आहे किंवा गेलाय. हँडल सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे वळवताना मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडलेत, तिथे नुसतं आवळून भागणार नाही. मागचं चाक उचलून चिमटा आडवा हलवा, मग वर-खाली. आडवा हलला तर चिमट्याचे बुश गेलेत, वर-खाली खेळ असेल तर शॉकअपच्या डोळ्यातले, म्हणजे त्याच्या टोकाच्या बोल्टच्या भोकातले. चाकाच्या तारांवर नखाने टिचकी मारत जा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी बद्द वाजली तर ती सैल आहे, आणि तिला रिमवर धरणारं निपल गंजून चिकटलं असेल तर घट्ट करायला गेल्यावर तारच पिळवटते.

हे सगळं नवं करा, शॉकअपचं तेल आणि सील बदला आणि गाडी आठवडाभर चालवा. बऱ्याच जणांची हौस इथेच फिटते, आणि त्यात वाईट काही नाही.

हिशोब

एक्सपल्ससाठी हिरोची रॅली किट (मातीतल्या शर्यतीसाठीचा पार्टचा संच) आली तेव्हा तिची किंमत ३८,००० रुपये होती. नुसत्या शॉकअप, स्प्रिंग आणि बाकीच्या साहित्याला एवढे पडतात, हे लक्षात ठेवा. पुढचा आख्खा सेट, दोन चाकं, टायर, लेथचं काम आणि मजुरी धरून तुमचा आकडा सेकंडहँड एक्सपल्सच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर इम्पल्स विका आणि एक्सपल्स घ्या. कागदपत्रांचा घोळ नाही, आणि गाडी पहिल्या दिवसापासून एकसंध. इम्पल्सवरच जीव असेल तर पुढे वाचा.

घरी करायचं मोजमाप

एक व्हर्नियर (व्यास आणि जाडी अचूक मोजायची पट्टी), एक मीटर टेप, वही. बाजारात निघण्याआधी स्वतःच्या गाडीची मापं वहीत असली पाहिजेत, म्हणजे दुकानात दोन मिनिटांत निकाल लागतो.

सगळ्यात आधी टी. हँडलच्या खाली दोन शॉकअप धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या ब्रॅकेटला आपले मेकॅनिक टी म्हणतात. खालच्या टीतून वर जाणारा दांडा चासीच्या नळीतून जातो. त्या दांड्याची लांबी, वरच्या आणि खालच्या बेअरिंगच्या जागचा व्यास, आणि चासीतल्या वाटीचा आतला व्यास लिहून ठेवा. मग शॉकअपच्या नळीचा व्यास, तोही दोन्ही टींच्या जागी, कारण काही गाड्यांत तो वर-खाली वेगळा असतो. दोन नळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. आणि दांडा व नळ्या यांच्यात पुढे-मागे किती फरक आहे, तो ऑफसेट. हा ऑफसेट लोक सोडून देतात. तो कमी झाला तर हँडल जड होतं, जास्त झाला तर वेगात हँडल वळवळतं.

एक्सपल्सच्या शॉकअपची नळी ३७ मिमीची आहे आणि पुढचा प्रवास, म्हणजे शॉकअप किती दबतो ते, १९० मिमी. इम्पल्सचा पुढचा प्रवास १८० मिमी. म्हणजे नुसत्या प्रवासासाठी बदल करणार असाल तर हातात फक्त १० मिमी पडतात. खरा फायदा २१ इंची चाकाचा आणि मोठ्या ब्रेकचा आहे. रॅली किट किंवा २०२३ च्या एक्सपल्स प्रो गाडीचे शॉकअप २५० मिमी प्रवासाचे आहेत. ते बघून लाळ गळते, पण इम्पल्सवर नकोच. पुढून गाडी एवढी उंच झाल्यावर मागचं काहीच तिच्याशी जुळत नाही.

आता उंचीचं गणित, कागदावर. इम्पल्सच्या पुढच्या ९०/९०-१९ टायरची त्रिज्या साधारण ३२२ मिमी. एक्सपल्सच्या ९०/९०-२१ ची ३४८ मिमी. म्हणजे शॉकअप तेच ठेवले तरी नुसत्या चाकाने गाडीचं नाक २५ मिमी वर जातं. इम्पल्सच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे १,३६० मिमी आहे, त्या हिशोबाने हँडलचा कोन साधारण १ अंशाने मागे कलतो. शॉकअपही २५ मिमीने लांब असले तर २ अंश. एक अंशाने मोकळ्या कच्च्या रस्त्यावर गाडी सरळ आणि शांत धावते, साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये थोडी आळशी वाटते. दोन अंशांना ती वळायलाच कुरकुरते. उपाय दोन आहेत. शॉकअपच्या नळ्या टीमधून दहा-पंधरा मिमी वर सरकवायच्या, नाहीतर मागची बाजूही थोडी उचलायची. मागे ११०/९०-१७ च्या जागी १२०/८०-१८ लावला तर मागून साधारण १० मिमी मिळतात, आणि फरक निम्म्याजवळ येतो.

पार्ट नंबर वाचायला शिका

हिरोने होंडाकडून घेतलेली नंबरांची पद्धत नवख्याच्या फार कामाची आहे. नंबरचे पहिले पाच आकडे पार्ट कुठल्या जातीचा ते सांगतात, मधली तीन अक्षरं कुठल्या मॉडेलसाठी तो मुळात बनला ते, आणि शेवटचा भाग त्याची आवृत्ती. तुमच्या गाडीच्या कॅटलॉगमध्ये एखाद्या पार्टच्या मधली अक्षरं दुसऱ्याच मॉडेलची दिसली तर समजा की कंपनीनेच तो उसना घेतलाय. तो कुठल्याही मापाशिवाय बसणार. इम्पल्सचं इंजिन हंक आणि सीबीझी एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं असल्यामुळे इंजिनातल्या झिजणाऱ्या वस्तू शोधताना ही युक्ती पैसे वाचवते. नंबर तंतोतंत जुळला पाहिजे. पहिले पाच आकडे जुळले म्हणजे "दोन्ही क्लच प्लेट आहेत" एवढंच कळतं.

बाजारात

नवे पार्ट अधिकृत काउंटरवरून घ्या, बिलासकट. बेअरिंग, सील, चांगल्या ग्रेडचे बोल्ट यांसाठी नागदेवी स्ट्रीट. जुन्या सेटसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. चोर बाजारातही गाड्यांचे पार्ट मिळतात, पण बिल न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. चोरीच्या गाडीचा पार्ट तुमच्या गाडीवर सापडला तर "मला माहीत नव्हतं" हे पोलीस चौकीत सांगत बसावं लागतं.

जुन्या पुढच्या सेटबाबत एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: भंगारात येणाऱ्या गाड्या बऱ्याचदा पुढून ठोकलेल्या असतात. म्हणजे दुकानात लटकलेला चकाचक सेट हाच अपघातातला असण्याची शक्यता दांडगी. त्यापेक्षा रॅली किट बसवून मूळ शॉकअप काढून ठेवलेला एक्सपल्सवाला शोधा. त्याच्या घरी ते गोणपाटात गुंडाळून पडलेले असतात.

दुकानातूनच घ्यायचे असतील तर नळ्या बाहेर काढून बघायचा आग्रह धरा. काउंटरची काच असतेच, तिच्यावर नळी हळूच लोळवा. सरळ नळी गप्प लोळते. वाकलेली नळी दर फेऱ्याला एकदा काचेपासून उचलते आणि खाली नखाएवढी फट दिसून परत मिटते. ट्यूबलाइटखाली धरून क्रोमवर प्रकाशाची रेघ बघा. रेघ तुटली तर तिथे खड्डा आहे, आणि सील जिथे घासतं त्या पट्ट्यात खड्डा असेल तर नवं सील महिनाही टिकणार नाही. टीची परीक्षा वेगळी. दोन्ही नळ्या टीमध्ये बसवून आवळायच्या आणि त्यांच्यावर काचेचा सपाट तुकडा आडवा ठेवायचा. काच डुगडुगली तर टी पिळलेली आहे. दुकानदार म्हणेल, "अहो शेठ, काच वाकडी आहे." काच उलटी करून पुन्हा ठेवा.

घेताना सेट पूर्ण घ्या: दोन्ही टी, दोन्ही शॉकअप, चाक, एक्सल, चाकाच्या दोन्ही बाजूंचे स्पेसर (एक्सलवर अंतर राखणारे नळीचे तुकडे), डिस्क, कॅलिपर, नळी, मास्टर सिलिंडर, मडगार्ड. स्पेसर पिशवीत आहेत ना ते तिथेच बघा. दोनशे रुपयांचा तो तुकडा नसला की पुढचे दोन रविवार लेथवाल्याकडे जातात.

पुढचा सेट बसवणं

टीचा दांडा आणि चासीची नळी जुळली तर काम सोपं. बेअरिंगचा फक्त व्यास वेगळा असेल तर तुमच्या चासीच्या वाटीत बसेल आणि नव्या दांड्यावरही बसेल असं बेअरिंग नागदेवीला मिळतं का बघा. चारही मापं सांगा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, आणि गोळ्यांचं की टेपर रोलरचं. दांड्याची लांबीच वेगळी असेल तर तुमच्या मूळ खालच्या टीतला दांडा प्रेसवर काढून नव्या टीत बसवणारा माणूस लागतो. हे काम प्रेस आणि लेथ दोन्ही असलेल्या वर्कशॉपचं आहे. "वेल्डिंग मारून लांब करतो" असं कुणी म्हणालं की नमस्कार करून निघा. तो दांडा तुटला तर हँडल हातात राहतं आणि चाक दुसरीकडे जातं.

चाक दोन शॉकअपच्या बरोबर मध्ये बसलं पाहिजे आणि डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्ये. इथे गल्लीतला उस्ताद म्हणणार, "टेन्शन घेऊ नका, चार वायसर टाकून बसवतो." नको. एक्सलवर वायसरांची चळत बसत नाही. ती दाबली जाते, एक्सल सैल होतो आणि बेअरिंग मरतं. अंतर व्हर्नियरने मोजा, लेथवर ईएन-८ पोलादाचा एकसंध स्पेसर करून घ्या, दोन्ही तोंडं समांतर.

आता ती चाचणी, जी घाईत सगळे गाळतात. शॉकअपच्या स्प्रिंग काढा, चाक आणि मडगार्ड लावा आणि पुढचा भाग पूर्ण खाली दाबा, अगदी शेवटपर्यंत. टायर खालच्या टीला, सायलेन्सरच्या बेंडला किंवा मडगार्डला कुठे लागतो का ते बघा. चाक मोठं झालंय, शिवाय तुम्ही नळ्या वर सरकवल्या असतील तर तेवढी जागा अजून कमी झालीय. खड्ड्यात शॉकअप पूर्ण दबलेल्या क्षणी टायर टीला चिकटला तर चाक जाम होतं आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. किमान बोटभर फट हवी, त्यात चिखलही मावायचा असतो. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. टाकीला लागत नाही ना, क्लचची केबल, पिकअपची केबल आणि ब्रेकची नळी कुठे ताणत नाही ना.

स्प्रिंग परत घालताना तेल दोन्ही बाजूंना सारखं. नळी पूर्ण दाबून, स्प्रिंगशिवाय, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. बाटलीच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, जुनं तेल आत राहिलेलं असतं. सगळ्यात शेवटी एक्सलचा नट आवळा, खालचे पिंच बोल्ट (शॉकअपच्या तळाशी एक्सल आवळून धरणारे) सैल ठेवा, पुढचा ब्रेक धरून गाडी पाच-सहा वेळा जोरात दाबा, आणि मग पिंच बोल्ट आवळा. दोन्ही शॉकअप आपापल्या जागी सरळ येतात. हे न केल्याने नव्या सेटचे शॉकअप अडकत चालतात आणि लोक तेलाला नावं ठेवतात. आवळताना टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) आणि त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की गेले.

चाकं आणि ब्रेक

आख्खं चाक आणायचं नसेल तर दुसरा स्वस्त मार्ग आहे. तुमचाच हब (चाकाचा मधला तुंबा) ठेवून त्यावर २१ इंची रिम नव्या लांबीच्या तारांनी ओवून घ्यायची. हबची आणि रिमची तारांची भोकं संख्येने सारखी हवीत एवढीच अट. डिस्क, एक्सल, स्पेसर सगळं मूळचं राहतं, वऱ्हाड एकदम अर्ध्यावर येतं. मला विचाराल तर बहुतेकांनी हेच करावं. मात्र रिम ओवणारा जुना माणूस शोधा. आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला तो टायरशिवाय चाक फिरवून खडूने खुणा करतो, अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलात तरी पैसे वसूल.

मीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर मोठ्या चाकाने तो कमी दाखवू लागतो. १९ च्या जागी २१ आल्यावर फरक सुमारे ८ टक्के, म्हणजे मीटरवर ६० असताना तुम्ही जवळपास ६५ ने जात असता. स्पीड कॅमेऱ्याला तुमचं चाक बदललंय हे माहीत नसतं.

एक्सपल्सची पुढची डिस्क २७६ मिमी, इम्पल्सची २४०. मोठी डिस्क लावायची तर कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर त्याच गाडीचे घ्या. मास्टरचा पिस्टन आणि कॅलिपरचा पिस्टन यांचं गुणोत्तर कंपनीने जुळवलेलं असतं. एकाचा मास्टर आणि दुसऱ्याचा कॅलिपर केला तर लिव्हर एकतर दगडासारखा कडक लागतो नाहीतर मुठीपर्यंत येतो. एक्सपल्सच्या पुढच्या चाकाला एबीएसची दातेरी चकती असते, ती असू द्या, पण एबीएस युनिट इम्पल्सवर आणायच्या भानगडीत पडू नका.

मागे ड्रमच ठेवा. एक्सपल्सची मागची डिस्क आणायची म्हणजे कॅलिपरचं ब्रॅकेट, चिमट्यावर त्याचा आधार, पेडल, मास्टर, तेलाची डबी, सगळं नव्याने. १३० मिमीचा ड्रम नीट साफ करून चांगले शू लावले तर एवढ्या हलक्या गाडीला पुरतो.

मागचा शॉकअप आणि सॅग

दुसऱ्या गाडीचा मोनोशॉक बघताना दोन डोळ्यांमधलं अंतर, बुशची रुंदी, बोल्टचा व्यास आणि आजूबाजूची जागा मोजा. शॉकअप १० मिमीने लांब म्हणजे गाडी १० मिमीने उंच असं नसतं. शॉकअप चिमट्याच्या सांध्याजवळ आणि चाक लांब टोकाला असल्यामुळे चाकाला तो फरक कितीतरी जास्त जाणवतो. स्प्रिंग कडक म्हणजे चांगली हाही गैरसमज. १८० किलोच्या गाडीची स्प्रिंग या गाडीवर लावली तर खड्ड्यांवर ती तुम्हाला उडवते.

स्प्रिंग बरोबर आहे का ते सॅग सांगतो, म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती खाली बसते ते. मागचं चाक अधांतरी ठेवून एक्सलपासून सरळ वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग जॅकेट, हेल्मेट, बूट, पाठीवरची बॅग, जशी स्वारी करता तसे सगळं घालून बसा, पाय फूटरेस्टवर. एकाने पुढून हँडल धरायचं, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं. बिल्डिंगच्या आवारात हे करताना वॉचमन दादा आपणहून मदतीला येतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी चौकशीला. दोन मापांतला फरक एकूण प्रवासाच्या साधारण ३० टक्के हवा. प्रवास १५० मिमी असेल तर ४५ ते ५० मिमी. जास्त आला तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) वाढवा. प्रीलोड शेवटपर्यंत आवळूनही जास्तच येत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे.

गाडी उंच झाली की साइड स्टँड आखूड पडतो आणि ती जास्त कलते. स्टँडच्या तळाला पत्रा जोडून घ्या. पावसात पेव्हर ब्लॉक सरकतात आणि शेजारी नेहमी कुणाची तरी नवी ॲक्टिव्हा उभी असते.

चेन

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. उदाहरणाला पुढच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चक्राला) १३ आणि मागच्याला ३९ दाते धरा, गुणोत्तर ३. पुढचा १२ केला की ३.२५, म्हणजे ८ टक्के जास्त ओढ. चढावर पहिल्या गिअरला क्लच जाळावा लागत नाही. तेवढाच परिणाम मागून हवा असेल तर ४२ दाते लागतील. पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन, एवढं लक्षात ठेवा. मागे १८ इंची चाक लावलं असेल तर त्याने ३ टक्के ओढ आधीच खाल्लेली असते, ती इथे भरून निघते. बदल्यात हायवेवर इंजिन जास्त ओरडतं.

चेनची मापं नंबरांनी ओळखतात: ४२८ चेनची कडी १२.७ मिमी, ५२० ची १५.८७५ मिमी. दुसऱ्या गाडीचं मागचं चाक आणलंत आणि त्याचा स्प्रॉकेट वेगळ्या मापाचा असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकाच मापाचे करावे लागतात, आणि पुढच्याच्या आतले दाते तुमच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसले पाहिजेत. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते मागच्या स्प्रॉकेटला सरळ पट्टी लावून बघा.

चेनचा ढिलेपणा स्टँडवर बघून ठरवू नका. पुढचा स्प्रॉकेट, चिमटा चासीला जोडणारा पिव्होट आणि मागचा एक्सल एका सरळ रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. दोघांना गाडीवर बसवून किंवा पट्ट्याने मागचा भाग दाबून त्या स्थितीत आणा आणि तिथे थोडी ढील ठेवा. लांब प्रवासाच्या शॉकअपवर चेन घट्ट ठेवली तर गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं.

पहिली स्वारी

प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर पेंट मार्करने एक रेघ ओढा, अर्धी बोल्टवर, अर्धी चासीवर. रेघ तुटली की बोल्ट फिरला, दुरूनही दिसतं. आरटीओची मंजुरी आलेली असेल तर पहिला दिवस रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या औद्योगिक वसाहतीत, ताशी ३० च्या पुढे नाही. आधी नुसते ब्रेक, मग स्पीडब्रेकर, मग खड्डे, त्यांची कमतरता नाही. ५० किलोमीटरनंतर तारा, कोनसेट आणि एक्सल पुन्हा तपासा. नव्या तारा बसतातच थोड्या. त्यानंतर कल्याण-मुरबाड-माळशेजचा रस्ता चांगला, किंवा जुन्या हायवेने लोणावळ्याकडे. एक्सप्रेसवे, फ्रीवे, सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू यांवर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळे तो मोह आपोआप टळतो. मंजुरी नसेल तर ही सगळी चाचणी खासगी जागेतच.

काढलेले मूळ पार्ट विकू नका. तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, बोल्टसकट पोटमाळ्यावर ठेवा आणि पुडीवर कुठला बोल्ट कुठला ते लिहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ ची इम्पल्स २०२६ मध्ये पुनर्नोंदणीला जाते, आणि इन्स्पेक्टर चासी नंबरबरोबर गाडीही बघतो. तेव्हा ती १९ इंची चाकासकट मूळ रूपात परत उभी करता यायला हवी.